रक्त तपासण्याची पट्टी : मागणाऱ्यास कीं गरजवंतास?

सन २०२२ च्या एप्रिल महिन्यांतील गोष्ट. आलापल्ली येथें सायंकाळची उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळींतील एक निवृत्त शिक्षक मागें राहिले. त्यांना सर्व गांव गुरुजी म्हणतें, व मीहि तसेंच म्हणतों. त्यांनीं पिशवींतून एक वही काढून माझ्यापुढें धरिली. तींत तांबड्या शाईनें आंखलेल्या रकान्यांत सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्र अशा चार वेळांचे आंकडे सुरेख अक्षरांत लिहिले होते. ते आंकडे त्यांच्या रक्तांतील साखरेचे होते.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "गोळ्या मला सरकारी दवाखान्यांतून मिळतात. पण त्या गोळ्यांचा गुण येतो कीं नाहीं हें पाहण्याची पट्टी मात्र मीं पदरच्या पैशानें घ्यावी. डॉक्टरांना म्हटलें, गोळ्यांच्या चिठ्ठीवरच पट्ट्याहि लिहून द्या. तर ते हंसले. हा कोणता न्याय?"

गुरुजींनीं खाजगी शाळेंत नोकरी केलेली, म्हणून निवृत्तिवेतन जवळजवळ नाहींच. मुलगा दूर. माणूस मोठा नेमस्त. कोणापुढें हात पसरणाऱ्यांपैकीं नव्हे. आम्हां पंचमंडळीस त्यांचें म्हणणें रास्त वाटलें, आणि गरीबफंडांतून तीन महिने दरमहा ५० पट्ट्यांची एक डबी त्यांना द्यावी असा ठराव आम्हीं एकमतानें केला. त्या दिवशीं मी समाधानानें घरीं गेलों. या ठरावांत काय चुकलें तें पुढें सांगावयाचें आहे. परंतु ज्या वाचकांना ह्या पट्टीची ओळख नसेल त्यांच्याकरितां आधीं दोन शब्द लिहितों.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं या रोगास मधुमेह हें नांव दिलें तें मूत्राच्या गोडीवरून. पुढें रसायनशास्त्र वाढल्यावर एक निळें औषधी पाणी निघालें. तें मूत्राबरोबर उकळलें म्हणजे साखरेच्या मानानें हिरवें, पिवळें व शेवटीं विटेसारखें तांबडें होई. आमच्या वडील पिढीनें दवाखान्यांत हाच प्रकार पाहिला. सन १९६५ मध्यें रक्ताचा थेंब टाकून रंगावरून वाचण्याची पट्टी बाजारांत आली, आणि हल्लींच्या पट्ट्या लहानशा यंत्रांत घातल्या म्हणजे पांच-दहा सेकंदांत आंकडा दाखवितात. पट्टीवर एक द्रव्य असतें, त्याची रक्तांतील साखरेशीं क्रिया होऊन अगदीं सूक्ष्म विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, व यंत्र तो मोजतें. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांत चालत नाहीं. म्हणून यंत्र स्वस्त विकावें व पट्ट्यांवर पैसा काढावा, असा या व्यापाराचा रिवाज पडला आहे. इन्सुलिन शोधणाऱ्यांनीं १९२३ सालीं आपले हक्क टोरोंटोच्या विद्यापीठास एकेका डॉलरला देऊन टाकिले होते. त्याच रोगाच्या पट्टीची ही कथा वाचतांना मला नेहमीं त्या डॉलरची आठवण होते. असो.

आतां आमच्या मुलखाविषयीं. आलापल्ली हें सागवानाचें गांव. जुन्या सागांचें राखलेलें वन पाहावयास लांबून लोक येतात, आणि लाकडाच्या डेपोवर राबलेलीं कुटुंबें आमच्या मंडळींतहि आहेत. प्राणहितेच्या अलीकडे गोंड व माडिया, पलीकडे तेलुगु बोलणारे, मध्यें आम्ही मराठी. गडचिरोली हें जिल्ह्याचें ठिकाण येथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं हा जिल्हा वेगळा होईपर्यंत चंद्रपूर गांठावें लागे. अशा रानांत साखरेचा रोग कोठून येणार, अशी आमची समजूत होती. तो शहरांतील बैठ्या लोकांचा रोग, असें मीहि एकेकाळीं म्हणत असें. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणींत देशांत १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असल्याचें अनुमान निघालें; शहरांत शेंकडा १६.४ व खेड्यांत शेंकडा ८.९. खेड्याचा आंकडा कमी आहे खरा, पण खेड्यांतील माणसें किती आहेत याचा विचार करावा. आमच्या घरोघर आतां "शुगर" हा शब्द तापासारखा बोलला जातो. मला स्वतःला हा विकार २०१९ सालीं जडला.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. सन २०१० मध्यें मधुमेह, रक्तदाब व कर्करोग यांच्याकरितां राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तीस वर्षांवरील माणसांची तपासणी गांवांत येऊन करितात, व नेहमींच्या गोळ्या सरकारी दवाखान्यांत मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केस पेपरचे व तपासणीचे पैसेहि घेत नाहींसे झाले. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयांत गेलें तर रक्त तपासून मिळतें. पण घरीं ठेवण्याकरितां पट्ट्यांची डबी चिठ्ठीवर मिळावी, ही सोय साधारण रोग्यास नाहीं. बाजारांत एक पट्टी पंधरा-वीस रुपयांच्या घरांत पडते. रोजगार हमीच्या कामाचा २०२५-२६ सालचा मजुरीचा दर ३१२ रुपये होता. गुरुजींप्रमाणें दिवसांतून चार वेळां बोट टोंचावयाचें झाल्यास रोजच्या मजुरीचा पांचवा हिस्सा पट्टींत जाईल, आणि मजुरी तरी रोज कोठें मिळते?

तेव्हां गुरुजींचा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड दिसतो. ज्याला औषध द्यावयाचें त्याला औषधाचा गुण पाहण्याचें साधनहि द्यावें. मींहि असेंच मानलें, आणि अशा मजकुराचा एक अर्ज वरच्या कचेरीकडे पाठवावा म्हणून कागद घेऊन बसलों. मग मे महिना आला.

वाचकांपैकीं पुष्कळांना ठाऊकच आहे कीं मे महिना हा आमच्याकडे तेंदूपानांचा. पहांटे चारला बायका-मुलें रानांत शिरतात व ऊन चढण्यापूर्वीं पानें तोडून घेतात. मग दुपारभर पुडके बांधतात. वर्षाचें मीठमिरचीचें व मुलांच्या वह्यापुस्तकांचें गणित त्या पंधरा-वीस दिवसांवर बसलेलें असतें. आमच्या मंडळींतील एक विधवा बाई, वय पन्नाशीच्या आंतबाहेर, अशीच पानांना गेली होती. सुमारें दहा वाजतां नाल्याच्या काठीं ती झोंकांड्या खाऊं लागली, कांहींतरी असंबद्ध बडबडली, बरोबरच्या बायकांस ओळखेना, व शेवटीं खालीं बसली. आमचा जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा. परंतु मोहाचीं झाडें बंदी मानीत नाहींत. बायकांनीं एकमेकींकडे पाहिलें. "पेली असंल," असें एक जण म्हणाली. ही वार्ता माझ्यापर्यंत अर्ध्या तासांत पोंचली, आणि लिहावयास लाज वाटते, पण लिहितों : मीं ती खरी मानली. रविवारीं तिच्या मुलास बाजूला घेऊन काय बोलावें याचीं वाक्येंहि मीं मनांत जुळविलीं.

गांवच्या आशाताई मजपेक्षां शहाण्या निघाल्या. त्या धांवत गेल्या, तिच्या अंगाला हात लावून पाहिला तों ती घामानें चिंब व गार. त्यांनीं बोट टोंचलें. आंकडा ४१ आला. ७० च्या खालीं साखर उतरली म्हणजे धोका समजतात. ४१ म्हणजे माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर. बाईला गिळतां येत होतें म्हणून त्यांनीं गुळाचें पाणी घोटघोट पाजलें, पाव तासानें पुन्हां तपासलें, आणखी दिलें. अर्ध्या तासांत ती बोलती झाली. संध्याकाळीं मी तिच्या दारीं गेलों तेव्हां तिचें पहिलें वाक्य हें : "पेली नाई जी मी, पाळकसाहेब."

मी कांहीं बोललों नाहीं. मला वाटतें त्या क्षणीं मीं बोलावयास हवें होतें.

झालें होतें तें असें. ती ग्लिमेपिराइड नांवाची गोळी घेत असे. ही गोळी स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावते; पोटांत अन्न असो वा नसो, ती आपलें काम करितेच. बाईनें पहांटे गोळी घेतली ती कोऱ्या चहाबरोबर, आणि शिदोरी दहानंतर सोडावयाची म्हणून बांधून घेतली. सहा तास डोंगर-उतार चढून पानें तोडलीं. साखर उतरणार नाहीं तर काय होईल? उलट आमचे गुरुजी घेत ती गोळी मेटफॉर्मिन. ती एकटी घेतली असतां साखर धोक्याइतकी खालीं जाणें फार क्वचित्. म्हणजे जिला पट्टीवांचून जीव जाण्याचा प्रसंग आला तिच्या घरीं एकहि पट्टी नव्हती; आणि ज्यांना पट्टीनें फारसें कांहीं कळावयाचें नव्हतें त्यांच्या घरीं आम्हीं दिलेली पन्नासांची डबी होती. ही वांटणी देवानें किंवा सरकारनें केलेली नव्हती. आम्हीं केली होती, एकमतानें.

याचें कारण उघड आहे. गुरुजींनीं मागितलें, बाईनें मागितलें नाहीं. गुरुजींना मागतां येतें. त्यांच्याजवळ वही आहे, आंकडे आहेत, वाक्यरचना आहे. बाईला तर असें कांहीं मागतां येतें हेंच ठाऊक नव्हतें. आपण दयाधर्म करितांना पुष्कळदां गरजेला उत्तर देत नसून शब्दांना उत्तर देत असतों, आणि ज्याचे शब्द चांगले त्याच्या झोळींत धर्म पडतो. मींहि या पापांतून सुटलेलों नाहीं. माझा विकार नवा होता तेव्हां मीं एका ओळखीच्या अधिकाऱ्याकडून दोन डब्या मिळविल्या होत्या. ठिकाण सांगण्याचें कारण नाहीं, दोष मागणाराचा. त्या डब्या कोणाच्या वांट्याच्या होत्या हा विचार मीं तेव्हां केला नाहीं. एका डबींतील निम्म्या पट्ट्या मुदत टळून फुकट गेल्या.

या प्रसंगानंतर मीं अर्जाचा कागद बाजूला ठेवून थोडें वाचन केलें, व एका परिचित डॉक्टरांनीं मला तें समजावून दिलें. इंग्लंडांत औषधावर असलेल्या मधुमेह्यास चिठ्ठीचें शुल्क द्यावें लागत नाहीं. तेथें सरकार उदार आहे. तरीहि तेथें प्रत्येक रोग्यास पट्ट्या लिहून देत नाहींत. २०१५ सालीं तेथील राष्ट्रीय संस्थेनें असें मार्गदर्शन काढिलें कीं दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत घरच्या घरीं रक्त तपासण्याची सोय सरसकट देऊं नये. जो इन्सुलिन घेतो, ज्याची साखर एकाएकीं उतरल्याचा अनुभव आहे, जो साखर उतरविणारी गोळी घेऊन वाहन किंवा यंत्र चालवितो, किंवा जी स्त्री गरोदर आहे वा होऊं पाहत आहे, त्यांना द्यावी. यामागें प्रयोग आहेत. ऑक्सफर्डच्या मंडळींनीं ४५३ रोग्यांवर केलेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला; अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना प्रांतांत इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० रोग्यांवर केलेला दुसरा २०१७ सालीं. दुसऱ्यांत कांहींनीं रोज बोट टोंचलें, कांहींनीं मुळींच नाहीं. वर्षाच्या शेवटीं दोघांच्या साखरेंत म्हणण्याजोगा फरक आढळला नाहीं.

हें वाचून मला प्रथम धक्का बसला. जाणणें हें न जाणण्यापेक्षां केव्हांहि बरें, असें आपण लहानपणापासून धरून चालतों. मग मीं गुरुजींची वही पुन्हां मागून घेतली. चार महिन्यांचे आंकडे होते, आणि त्यांतील एकाहि आंकड्यामुळें गुरुजींनीं कांहीं वेगळें केलें नव्हतें. आंकडा कमी आला कीं त्यांना बरें वाटे. जास्त आला कीं रात्रीं झोंप लागत नसे, आणि झोंप न लागल्यामुळें सकाळचा आंकडा आणखी वाढे. ती वही डॉक्टरांनीं कधीं उघडली नव्हती. जें जाणल्यानें हात हालत नाहीं, पाय हालत नाहीं, ताटांतला भात मुठीनें कमी होत नाहीं, तें जाणणें खरोखर जाणणें आहे काय? मला वाटतें ती एक प्रकारची राखण आहे. माणूस आपल्या भीतीशेजारीं बसून तिची राखण करितो. तिला गरज म्हणतां येणार नाहीं. परंतु तिला लोभ म्हणणेंहि अन्यायाचें होईल, कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची भीति ही खरी वस्तु आहे. तिला औषध पट्टीचें नव्हे, इतकेंच.

येथें एका तरुण बंधूनें मला अडविलें. तो नागपुरास शिकतो व सुटींत येतो. तो म्हणाला, "पाळकसाहेब, पैसेवाला माणूस दहादां बोट टोंचतो, त्याला कोणी विचारीत नाहीं तुझी गरज सिद्ध कर म्हणून. गरीबालाच कां दाखला मागावा? इंग्लंडांतल्या प्रयोगाचा आधार घेऊन आपल्या सरकारनें हात वर केले तर तें तुम्हांला चालेल काय?"

हा आक्षेप मीं गेलीं दोन-तीन वर्षें मनांत बाळगला आहे, व त्याचें पुरतें खंडन मला करतां आलेलें नाहीं. त्याचा एक भाग मी मान्यच करितों. श्रीमंतास उधळण्याची मोकळीक व गरीबास काटकसरीचा उपदेश, हा जगाचा जुना अन्याय आहे आणि पाळकांनीं त्याला पुष्कळदां हातभार लाविला आहे. पण यावरून सर्वांना सारखेंच द्यावें हें निघत नाहीं. गरीबफंडांत पैसे असतात तितकेच असतात. सगळ्यांना पांच पांच पट्ट्या वांटल्या तर ज्या दिवशीं त्या बाईला सहावी लागेल त्या दिवशीं ती नसेल, आणि समान वांटणी केली म्हणून आपलें मन मात्र शांत राहील. श्रीमंताचा अपव्यय हें गरीबाचें माप होऊं शकत नाहीं. माप हेंच कीं पट्टीवांचून कोणाचें काय बिघडतें.

आणखी एक गोष्ट मीं त्या तरुणाजवळ कबूल केली, व ती मी फार महत्त्वाची समजतों. दुसऱ्या देशांत ठरलेला नियम आपल्या लोकांच्या रक्तास लागू पडतो कीं नाहीं हें पाहिल्यावांचून तो उचलूं नये. इंग्लंडांतील डॉक्टर पट्ट्यांस नाहीं म्हणूं शकतो, कारण त्याच्याजवळ दुसरी तपासणी आहे. तिला आमच्याकडे "तीन महिन्यांची शुगर" म्हणतात. रक्तांतील तांबड्या पेशींना साखर चिकटून बसते. पेशी सुमारें चार महिने जगते. म्हणून एकदां रक्त काढलें असतां मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. उत्तम युक्ति. पण ती पेशी पुरतें आयुष्य जगेल तरच. आमच्या पूर्व विदर्भांत सिकलसेलचा विकार किती घरांत आहे तें सांगावयास नको. १ जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें त्याच्या निर्मूलनाची मोहीम काढिली ती अशाच मुलखांकरितां. सिकलसेलच्या रोग्याची तांबडी पेशी अकालीं मरते. हिंवतापांतहि पेशी फुटतात, आणि गडचिरोलीस हिंवताप नवा नाहीं. अशा माणसाची तीन महिन्यांची शुगर असावी त्याहून कमी दिसते; कागदावर तो बरा, अंगांत तो आजारी. उलट लोहाच्या कमतरतेनें अंगांत रक्त कमी असलेल्या बाईची ती विनाकारण जास्त दिसूं शकते, व मग तिला नको इतकी गोळी दिली जाण्याचा संभव. कांहीं तपासणी-यंत्रें तर सिकलसेलचा अंश केवळ वाहणाऱ्या माणसाच्या रक्तांतहि फसतात. अशा लोकांकरितां बोटाच्या थेंबाचा आंकडाच अधिक भरंवशाचा. म्हणून ज्याला सिकलसेल आहे, ज्याला नुकताच हिंवताप येऊन गेला आहे, त्यानें डॉक्टरांस तें आपण होऊन सांगावें. दडवून ठेवूं नये. सिकलसेलचें कार्ड पेटींत तळाशीं घालण्याची चाल आमच्यांत आहे, मुलीच्या सोयरिकीस अडथळा येतो म्हणून. त्या चालीविषयीं पुन्हां कधीं स्वतंत्र लिहीन.

शिकण्याकरितां थोडे दिवस पट्टी वापरावी, यासहि माझी हरकत नाहीं. आमचा हा भाताचा मुलूख. एका ताटाभर भातानें साखर कोठवर जाते हें माणसानें जेवणापूर्वीं व जेवणानंतर दोन तासांनीं आठ-दहा दिवस डोळ्यांनीं पाहिलें, तर दहा उपदेशांचें काम होतें. माझ्या बाबतींत झालें. पण तें पाहून झाल्यावर डबी बंद करावी.

आतां पुढील हकीकत. त्या बाईस आम्हीं अहेरीस नेलें. डॉक्टरांनीं गोळीचें प्रमाण कमी केलें, आणि पोटांत अन्न गेल्यावांचून गोळी घ्यावयाची नाहीं असें निक्षून सांगितलें. खरें पाहतां तिला पट्टीपेक्षांहि ह्या एका वाक्याची गरज अधिक होती, व तें तिला पहिल्या दिवशींच कोणीतरी तिच्या बोलींत सांगावयास हवें होतें. तिची सून सातवी शिकलेली आहे; तिला यंत्र चालविण्यास शिकविलें. आंकडा ७० च्या खालीं आला किंवा घाम, थरकांप, डोळ्यांपुढें अंधारी आली कीं तीन-चार चमचे साखर अगर गूळ पाण्यांतून द्यावयाचा, पाव तासानें पुन्हां पाहावयाचें, मग भाकरतुकडा. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडांत कांहींहि न घालतां दवाखाना गांठावयाचा. इतकें तिनें पाठ केलें आहे. रानांत जातांना पदराला गुळाचा खडा बांधलेला असतो.

पण पट्ट्या आणावयाच्या कोठून? फंडांत पैसे नव्हते. तेव्हां गुरुजींना कबूल केलेल्या तीन डब्यांपैकीं उरलेली तिसरी आम्हीं बाईला दिली. वचन मोडलें. मोठ्या गरजेसाठीं दिलेला शब्द फिरवितां येतो काय, हा प्रश्न आमच्या बैठकींत निघाला व आम्हीं तो "येतो" असा सोडविला. पण निर्णय आधीं करून मग गुरुजींना कळविलें, हें आमचें अगदीं चुकलें. त्यांनाच विचारलें असतें तर त्यांनीं आपल्या हातानें डबी दिली असती, अशी माझी आज खात्री आहे. न विचारतां घेतल्यामुळें त्यांच्या औदार्याची संधिहि आम्हीं घेतली. पावसाळाभर ते मागल्या बांकावर बसत, व उपासना संपतांच निघून जात. मी दोनदां त्यांच्या घरीं गेलों. दुसऱ्या खेपेस त्यांनीं चहा दिला.

दुसरीहि एक चूक सांगून ठेवितों, इतरांस उपयोगी पडेल म्हणून. पहिल्या उन्हाळ्यांत आम्हीं ती डबी बाईच्या घरीं पत्र्याखालीं फळीवर ठेविली. पट्ट्या साधारणपणें ३० अंशांहून अधिक उष्णतेंत ठेवूं नयेत असें डबीवरच लिहिलेलें असतें. आमच्या जिल्ह्यांत मे महिन्यांत बाहेरच ४५ अंशांच्या आसपास तापतें, पत्र्याखालीं विचारूंच नये. पंधरा दिवसांनीं तीच बाई, तेंच बोट, आणि लागोपाठ दोन पट्ट्यांत साठांचा फरक. पावसाळ्यांत झांकण उघडें राहिलें तरी तीच गत. आतां यंत्र व डबी आशाताईंच्या मातीच्या घरांत, पाण्याच्या माठाशेजारच्या कोनाड्यांत घट्ट झांकणाच्या डब्यांत असते, व गरज असलेलीं सहा माणसें तेथें जातात. बाईची सून मात्र चार पट्ट्या छोट्या डबींत घरीं ठेविते. यंत्र सामाईक चालतें, परंतु टोंचण्याची सुई ज्याची त्याला नवी, कारण सुईवाटे काविळीचा संसर्ग जातो. हें एकदां सांगून भागत नाहीं.

राहिला अर्ज. तो मीं नव्यानें लिहावयास घेतला आहे, आणि यावेळीं वरच्या कचेरीऐवजीं ग्रामसभेस. पेसा कायद्याखालील गांवांना आदिवासी उपयोजनेंतील पांच टक्के अबंध निधि मिळतो, व तो आरोग्याच्या कामींहि खर्चितां येतो. सर्वांना पट्ट्या द्या असें त्यांत म्हटलेलें नाहीं. इन्सुलिन घेणारे, ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन रानांत किंवा वाहनावर काम करणारे, सिकलसेल अथवा दुसऱ्या कारणानें ज्यांची तीन महिन्यांची तपासणी भरंवशाची नाहीं असे, आणि नवीन रोगी पहिले पंधरा दिवस, एवढ्यांची यादी दवाखान्यांतील चिठ्ठीवरून आशाताईंनीं करावी. चिठ्ठींत किती वेळां तपासावें व कोणत्या आंकड्यास काय करावें हें लिहिलेलें असावें. आणि यादी ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावी, म्हणजे वशिल्याचें नांव आंत शिरणार नाहीं व न मागणाऱ्याचें बाहेर राहणार नाहीं. यावर एका पंचांनीं अशी शंका काढिली कीं रोग्यांचीं नांवें चारचौघांत वाचणें बरें काय. शंका खरी आहे. ज्या बाईला एकदां साऱ्या गांवानें दारूडी ठरविलें तिला पुन्हां साऱ्या गांवासमोर उभें करावयाचें काय? आम्हीं तें कलम बदलून, यादी तिघांनीं तपासावी व तिघांत दोन स्त्रिया असाव्या, असें केलें आहे.

अर्जाची स्वच्छ प्रत गुरुजींनीं लिहून दिली, कारण गांवांत त्यांच्यासारखें अक्षर दुसऱ्या कोणाचें नाहीं. रकाने तांबड्या शाईनेंच आंखले आहेत. आपलें नांव यादींत येतें कीं नाहीं याविषयीं ते कांहीं बोलले नाहींत, व मींहि विचारलें नाहीं. दोन अंगठे व्हावयाचे राहिले आहेत. तीं माणसें धान कापणीला गेलीं आहेत.